माडीवरची लांब गाणी

आमचा डंक विकला त्या वर्षी मी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. डंक म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं एकामागून एक वर उचलली जातात आणि खालच्या उखळांत धाडधाड पडतात. शिमगा झाला की आमच्या पुढच्या सोप्यात अख्ख्या पेठेतल्या बायका मिरच्यांचे डबे घेऊन रांगेत बसायच्या, तोंडाला पदर लावून शिंकायच्या, आणि त्या धाडधाडीच्या वर आवाज चढवून आपापल्या सुनांची उणीदुणी काढायच्या. आमचे हे होते तोवर ते चाललं. हे गेल्यावर मी एकटीनं एक हंगाम रेटला. मग गुडघे कुरकुरायला लागले, आणि गारगोटीचा एक माणूस टेम्पोत घालून डंक घेऊन गेला. मी दारात उभी राहून शेजारणीला म्हटलं, सुटले बाई त्या आवाजातून.

त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, वाटलं होतं की आता निवांत पडू, दुपारची झोप काढू. आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं की शेजारच्या घरात चहात साखर ढवळलेलीसुद्धा तिला ऐकू येतेय. पत्र्यावर कबूतर चाललं तर त्याच्या नखांचा आवाज यायचा. संध्याकाळी दिवा लावायचा, एक भाकरी थापायची, वाटीभर आमटी, आणि मग ताट धुऊन पालथं घालायचं. सकाळी उठलं की ते ताट परत सुलटं करायचं. दिवस म्हणजे हेच, ताट पालथं आणि ताट सुलटं.

कागलला दिलेली माझी लेक फोनवर म्हणायची, इकडं ये राहायला. मी म्हणायची, जावयाच्या दारात सासूनं मुक्काम टाकू नये. मग तिनं सुचवलं की माडी तरी भाड्यानं दे, वर कुणी चाललं तरी तुला बरं वाटेल. मी तिला झापलं, मला काय झालंय म्हणून. फोन ठेवला आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला सांगून आले की खोली द्यायची आहे.

आली ती मुलगी कणकवलीकडची. गगनबावड्याच्या घाटातून एसटीनं आली, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातानं, तान्हं मूल धरावं तसा, छातीशी धरलेला टेपरेकॉर्डर. इथल्या तंत्रनिकेतनात शिकवायला लागली होती. इतकं हळू बोलायची की मला वाटलं हिच्या घशाला काहीतरी झालंय. वर्गात पोरं हिला कच्ची खातील असं मी मनात म्हटलं आणि किल्ली दिली.

पहिल्या रविवारी दुपारी मी परात पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत बसले होते. माडीच्या फळ्यांच्या फटीतून थेट तांदळात धूळ पडली, आणि मग आवाज आला. खालून ऐकताना त्या आवाजावरची सगळी साय निघून गेली होती, नुसती धडधड उरली होती. चार दणके, एक थांबा. परत चार दणके, एक थांबा. मी वाट पाहिली. तेच. सगळे तांदूळ निवडून झाले तरी तेच. मी निदान केलं: कॅसेट अडकली. आमच्या घरी भजनाची कॅसेट अशी अडकायची तेव्हा हे पेन्सिल घालून तिची फीत गुंडाळायचे. मी देवघराच्या खणातली पेन्सिल शोधली आणि गुडघ्यांना शिव्या देत जिना चढले.

"तुझी कॅसेट अडकलीया," मी दारातूनच ओरडले. "पेन्सिल घेऊन आलो."

आमच्याकडे बायासुद्धा आलो-गेलो म्हणतात. तिला ते नवीन असावं, कारण माझ्यामागे कुणी पुरुष उभा आहे का ते तिनं आधी वाकून पाहिलं. मग टेपचा आवाज लहान केला.

"नाही काकू, गाणंच तसं आहे. बसा ना दोन मिनिटं."

"दोन मिनिटात संपतंय व्हय?"

"संपत नाही. बदलतं."

मी बसले. बदललं बिदललं काही नाही. एक माणूस गिटारीवर तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि गिटारीचा आवाज असा की जणू पत्र्यावरून कपाट ओढत नेतायत. गाणारा कुठं होता देव जाणे. मी विचारलं, गवई संपावर गेलाय का? ती हसली. तोंडावर हात ठेवून, आवाज न करता हसली. येईल म्हणाली, अजून त्याची वेळ नाही. मी म्हटलं, ह्याची वेळ येईस्तोवर माझा कुकर झाला असता. शेवटी तो आला तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा वाईट आला. पोटात कळ आल्यासारखा ओरडत. मी पेन्सिल घेऊन खाली आले.

त्या गाण्यांना हेवी मेटल म्हणतात, हे तिनं मला नंतर सांगितलं. तिचा मामा बोटीवर होता. परदेशी बंदरांतून तो कॅसेटी आणायचा, आणि त्यातली सगळ्यांत लांब गाणी हिनं आपल्यासाठी निवडून ठेवली होती. छोटी गाणी तिला चालायची नाहीत. छोट्या गाण्यात, ती म्हणाली, वाट बघायला जागा नसते.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून आली, वर धडधड सुरू झाली, आणि मी परत जिना चढले. आता पेन्सिल नव्हती, तक्रार होती. अगं, घराचं वासं मोडाय लागल्यात. तिसऱ्या दिवशी, कान हाईत का भोपळं तुझं. चौथ्या दिवशी धुळीची तक्रार, मग माझ्या डोक्याची, मग खालच्या देवांची. देव झोपत न्हाईत तुझ्यापायी, असं मी तिला सांगितलं, आणि देवांना विचारायला मी गेले नव्हते. प्रत्येक तक्रार सांगून झाली की मी टेकायची. बसल्या बसल्या तक्रार वाढवायची. ती चहा करायची. गाणं चालू असायचं.

आता हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला नीट सांगावं लागतं. आमच्याकडे ज्याच्यावर जीव आहे त्याला आम्ही ओरडतो. दारात आलेल्या पावण्याला "आलास का मरत" म्हणून आत घेतो आणि जेवल्याशिवाय सोडत नाही. एखादा माणूस आपल्याशी अदबीनं, मऊ बोलायला लागला की आम्ही घाबरतो, ह्याचं आपलं काहीतरी बिनसलं. मी त्या पोरीला रोज झापत होते, म्हणजे माझ्या हिशेबानं मी तिचे लाड करत होते. आणि तिच्या गावी माणसं चिडली की आवाज खाली नेतात. आवाज चढवला तर झालं, संबंध तुटला. हे मला माहीत नव्हतं. पन्नास वर्षं एका पेठेत काढलेल्या बाईला जगात दुसरी पेठ असते हे कुठून कळणार?

मधल्या त्या महिन्यांत मी ऐकायला शिकले. कबूल मात्र केलं नाही. तिनं मला एकच युक्ती सांगितली होती: पुढं काय येणार ते शोधू नका, आत्ता काय वाढलं ते बघा. एका गाण्याची सुरुवात नुसत्या एका तारेनं व्हायची, चार सूर खाली उतरत येणारे, शेवटचा सूर एकदा इकडे आणि एकदा तिकडे. बराच वेळ एवढंच. मग ती म्हणायची, काकू, जमिनीला हात लावा. मी तळवा टेकायची, आणि कानाला काही कळायच्या आत फळीला कळलेलं असायचं की दुसरं काहीतरी जाड, खोल, त्याच चार सुरांच्या खालून चालायला लागलंय. मग ढोल, पण कंजूष, एक ठोका आणि लांब थांबा. परत तेच चार सूर. मग ठोके दुप्पट. तेच चार सूर. आता दुसरी गिटार त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. प्रत्येक वेळी मला वाटायचं आता फुटणार, आणि ते फुटायचं नाही, माघारी फिरून परत पहिल्यापासून चढायचं. मी चिडायची. आन आता, किती अडवून धरशील, असं त्या टेपला म्हणायची.

आणि मग सगळं एकदम थांबायचं. रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू यायचा. मी म्हणायची, संपलं. ती मान हलवायची. आणि तेच चार सूर परत यायचे, पण निम्म्या चालीनं. एवढंच केलं होतं त्यांनी, चाल निम्मी. सूर एकही नवा नव्हता, पण वजन असं की माझ्या मांडीवरचा कप बशीत थरथरायचा. घाई केली की जोर येतो अशी माझी जन्माची समजूत होती. सावकाश केलं की जास्त जोर येतो हे मला त्या आरडाओरड करणाऱ्या बाप्यांनी शिकवलं.

मी तिला डंकाचं सांगितलं. म्हणजे शहाणपणा करायला गेले. म्हटलं, तुझ्या गाण्यात हाय काय, आमच्या डंकावर रोज हेच वाजत हुतं. पण सांगता सांगता मीच अडखळले. कोरड्या मिरच्या पडल्या की आधी खळखळ व्हायची, मग मुसळ एकेका ठोक्यानं ती खळखळ खाऊन टाकायचं, मग खोबरं-तीळ पडले की ठोका बसकायचा, लसूण-कांदा पडला की ओला, दबका. तेच मुसळ, तोच ठोका. आमचे हे सोप्यात बसून ते ऐकत असायचे. कधी कधी मला हाक मारायचे, अगं, ऐक, आता बदलला. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, तुम्हीच ऐका, मला कामं हाईत. एवढंच तिला सांगितलं. तिनं कॅसेटची बाजू उलटली, बस.

लेकीला मात्र मी फोनवर फुशारकी मारत होते की भाडेकरीण जरा वांड आहे, पण मी तिला सरळ करतेय.

आणि केली की सरळ. एका संध्याकाळी ती कॉलेजातून आली, जिन्यावर पावलं वाजली, मी पदर खोचून तक्रार तयार ठेवली आणि वाट बघत बसले. काही वाजलं नाही. बरंच थांबून मी वर गेले. ती खिडकीत बसली होती, कानांवर काळ्या वाट्यांसारखं काहीतरी चढवलेलं, त्याची वायर टेपमध्ये. मला बघून तिनं ते काढलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता.

"हेडफोन आणले, काकू. आता तुम्हाला काहीसुद्धा त्रास होणार नाही."

मी त्या वाट्यांकडे बघत राहिले. त्यांच्यातून मुंगी गुणगुणावी एवढा आवाज येत होता. काहीतरी बोलायला हवं होतं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, कशाला आणलेस, मला आवडतं ते. पण मी पडले शहाणी.

"बरं केलंस," मी म्हटलं आणि खाली आले.

त्यानंतरच्या प्रत्येक संध्याकाळी ती वर होती आणि मी खाली होते, आणि मध्ये फळ्या. तिचं पाऊल तेवढं ऐकू यायचं. टाच टेकवून ती चवड्यानं ठेका धरायची. तेवढ्यावरून मी गाणं ओळखायचा प्रयत्न करायची: हे ते चार सुरांचं असेल, आता ढोल आला असेल, आता थांबलं. भाकरी तव्यावर करपायची. वर जायला मला निमित्तच उरलं नव्हतं. जिच्याविरुद्ध तक्रार करायची तिनं तक्रारच मिटवून टाकली होती, तीही स्वतःच्या पगारातून.

मी निमित्तं काढली. कढी घेऊन गेले. गुळाची पोळी घेऊन गेले. ती वाट्या काढून, उभी राहून, दोन्ही हातांनी ताटली घ्यायची आणि आभार मानायची. मग मी तिला सांगितलं की असलं कानाला लावून माणसं बहिरी होतात, पेठेतल्या एकाचं तसं झालंय. असा कुणी नव्हता. तिनं आवाज आणखी कमी केला. मग सांगितलं की वायरीनं झोपेत गळा आवळतो. ती म्हणाली, झोपताना नाही लावत मी. इतकी गुणी पोर मी जन्मात पाहिली नव्हती. माझं प्रत्येक म्हणणं ती ऐकत होती आणि मला हवं होतं ते एकही होत नव्हतं.

पावसाळा संपता संपता ती खाली आली. येऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि नेहमीपेक्षाही हळू आवाजात म्हणाली की राजारामपुरीत कॉलेजातल्या एका मॅडमच्या ओळखीनं खोली मिळतेय. तुम्हाला माझा फार त्रास झाला, म्हणाली. मला कळत होतं, तुम्ही रोज वर यायचात. तुमचा स्वभाव चांगला म्हणून तुम्ही मला काढलं नाही.

मला तिला धरून बसवायचं होतं. माझ्या तोंडातून निघालं ते असं:

"जा की मग. कुणी अडीवलंय?"

आमच्या बोलीत ह्याचा अर्थ जाऊ नकोस असा होतो. आमच्यातल्या कुणालाही विचारा. तिला अर्थातच जो ऐकू आला तोच अर्थ लागला. ती गेली. रिक्षात टेप मांडीवर घेऊन बसली होती.

खोली मी परत कुणाला भाड्यानं दिली नाही. वाण्यानं दोन-तीन माणसं पाठवली, मी एकाला म्हटलं जिना कच्चा आहे, दुसऱ्याला म्हटलं वर उंदीर आहेत. लेकीला सांगितलं, चांगलं माणूस मिळत नाही. दिवाळीपर्यंत मी असं ताट पालथं-सुलटं केलं. तिची गाणीही तेच ते असायची आणि माझे दिवसही तेच ते, पण गाण्यात प्रत्येक फेरीला काहीतरी येऊन मिळायचं. माझ्याकडे काही येऊन मिळत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर मी चटणीचा डबा भरला आणि राजारामपुरीत तिचा पत्ता शोधत गेले. घर मोठं होतं, दारात तुळस, फाटकावर पाटी. तिथल्या घरमालकीण बाई माझ्याशी अतिशय मऊ बोलल्या. पोरगी वरच्या खोलीत होती, कानांवर त्याच काळ्या वाट्या. इथं टेप अजिबात चालत नाही, ती म्हणाली, पण मला सवय झाली आता. खोलीत इतकी शांतता होती की मला माझंच गिळणं ऐकू आलं. ही इथं कशी राहते, असा विचार मनात आला. आणि मग, तीही एकटीच आहे की, हा विचार आला. हा मला आधी एकदाही आला नव्हता. मी आपलं स्वतःचंच एकटेपण मोजत बसले होते.

डबा तिच्या हातात देऊन मी म्हटलं, "रविवारी घरी ये. टेप घेऊन ये. मोठ्यानं लाव."

"आणि तुम्ही?"

"मी खाली बसून बोंबलतो."

 एवढी इंजिनेर पोरगी, पण हे तिला उलगडायला चांगला वेळ लागला.

"म्हणजे काकू, तुम्हाला आवडत होतं?"

"आवडतंय कुठलं? सवय झालीया."

तेव्हा मात्र ती आवाज करून हसली. मालकीण बाई जिन्यातून वर बघायला आल्या.

मग रविवार सुरू झाले. जेवायला ती आमच्याकडे असायची, तांबडा रस्सा प्यायला शिकली, नाक पुसत पुसत प्यायची. जेवण झालं की माडीवर टेप, मी खाली थोडा वेळ नियमाप्रमाणे बोंबलायची, मग वर जाऊन बसायची. पुढं मी स्वतःच टेप घेतला. भजनासाठी, असं दुकानात सांगितलं. त्यावर भजन कधी लागलं नाही. नंतर सीड्या आल्या, तिनंच तसलं यंत्र आणून बसवून दिलं, आणि गाणी कॅसेटच्या बाजूत मावेनाशी लांब झाली. तेच जेवण, तीच फळी, तीच चार सुरांची गाणी. पेठेतल्या बायका म्हणायच्या, तुझी मानलेली लेक आली. मी म्हणायची, कुठली लेक, ब्याद हाय. आणि सुखानं घरी यायची.

इथं मला त्या बाईचं, म्हणजे माझंच, खरंच हसू येतं. वर्षानुवर्षं त्या गाण्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली होती, की तेच ते कधीच तेच नसतं, दर फेरीला काय बदललं ते बघ. गाण्यात ती पटाईत झाली होती. कोणता ढोल कधी दुप्पट होतो ते डोळे मिटून सांगायची. आणि रविवारांकडे तिनं एकदाही तसं पाहिलं नाही. आधी पोरीचं जेवण झाल्यावरचं रेंगाळणं कमी झालं. मग येता येता उशीर व्हायला लागला. मग एक रविवार चुकला, शिकवणी होती. मग कमरेला मोबाईल आला आणि गाण्याच्या मध्ये ती जिन्यात जाऊन बोलायला लागली, हळू, गोड आवाजात. लांब गाणी संपतात तीही अशीच असतात: एकदम थांबत नाहीत, एकेक वाद्य उठून जातं. आधी दुसरी गिटार, मग ढोल. मला हे माहीत होतं. मी तिथं बसून रस्सा वाढत होते आणि मनात म्हणत होते, चाललंय की छान.

एका रविवारी ती लवकर आली, जेवणाआधी. लग्न ठरलं होतं, मुलगा बेंगळुरूला, तिनंही तिथं नोकरी बघितली होती. संध्याकाळच्या गाडीनं आधी गावी जायचं होतं, सामान रिक्षातून थेट स्टँडवर न्यायचं होतं. ती भराभर सगळं सांगत होती आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. मला वाटतं ती माझ्या ओरडण्याची वाट बघत होती.

माझ्या तोंडात वाक्य तयारच होतं. जा की, कुणी अडीवलंय. जिभेवर आलेलं मी ते गिळलं. मग जे बोलले ते इतक्या हळू बोलले की माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"मला करमायचं न्हाय गं तुझ्याबिगर."

ती वळली. इतकी वर्षं कोल्हापुरात काढलेली, वर्गातल्या दांडग्या पोरांना गप्प करायला शिकलेली ती पोरगी भर घरात माझ्यावर अशी ओरडली की शेजारच्या खिडकीतून डोकं बाहेर आलं.

"मग आधी बोलायचं न्हाय व्हय, काकू? त्या टायमाला, मी रिक्षात बसताना? सामान उतरवून घेतलं असतं की मी."

मी म्हटलं, मला येत नव्हतं. ती म्हणाली, आता आलं तर आता मी चाललेय.  ती रडत होती, मी पानं घेतली. तिनं नीट जेवण केलं. मी काही खाल्लं का ते आठवत नाही.

जेवण झाल्यावर तिनं ते चार सुरांचं गाणं लावलं, सगळ्यांत लांब होतं म्हणून. आम्ही फळ्यांवर बसलो. एक तार, चार सूर, शेवटचा इकडे, शेवटचा तिकडे. तिनं हात जमिनीला लावला, मीही लावला. खालून ते जाड, खोल चालणं आलं. मग कंजूष ढोल. ठोके दुप्पट झाले तेव्हा खाली रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. तो थांबेना, म्हणाला गाडी गाठायची आहे, उशीर होतोय. ती उठली, बंद करायला यंत्राकडे हात नेला.

"राहू दे," मी म्हटलं.

ती पाया पडली. मी जिन्यापर्यंतही गेले नाही. उठले असते तर तिच्यामागं रिक्षापर्यंत गेले असते आणि काहीतरी ओरडले असते. तिची पावलं उतरली, दार वाजलं, रिक्षा सुरू झाली. इकडं दुसरी गिटार येऊन मिळाली होती. गाणं चढत होतं, माघारी फिरत होतं, परत चढत होतं, आणि मी तळवा फळीवर ठेवून बसले होते. मग ते थांबलं. रस्त्यावर रिक्षा कुठं ऐकू येतेय का ते मी बघितलं. नव्हती. मग तेच चार सूर निम्म्या चालीनं परत आले, आणि अजून बरंच गाणं बाकी होतं.